न बोलता बदललेला कायदा

27 नोव्हेंबर 2021 रोजी संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारी वृत्तसंस्थेने एक लांबलचक यादी जाहीर केली. संघराज्याची पन्नाशी भरत होती आणि त्या निमित्ताने चाळीसहून अधिक कायदे नवे किंवा दुरुस्त होऊन येत होते. कंपन्यांचे कायदे, कॉपीराइट, सायबर गुन्हे, फौजदारी संहिता अशा या गर्दीत अंमली पदार्थांचा कायदाही होता. 2 जानेवारी 2022पासून तो लागू झाला आणि स्वतःपुरता गांजा बाळगताना किंवा ओढताना पहिल्यांदा सापडलेल्याची किमान कैद दोन वर्षांवरून तीन महिन्यांवर आली. तुरुंगाऐवजी नुसता दंड लावून सोडायची मुभाही न्यायाधीशाला मिळाली. 2016च्या आधी हीच किमान शिक्षा चार वर्षांची होती. एवढा मोठा बदल झाला, पण कुठे मोर्चा निघाला नाही, सभागृहात रात्रभर खडाजंगी झाली नाही, टीव्हीवर नऊच्या चर्चेत कुणी कुणावर खेकसलं नाही.

एखाद्या राजकारण्याची गांजाविषयीची कारकीर्द तपासायची तर एरवी साधनं ठरलेली असतात. त्याने कोणत्या विधेयकाला मत दिलं, प्रचारसभेत काय कबूल केलं, सत्तेत आल्यावर शब्द पाळला का. कॅनडात जस्टिन ट्रुडो यांनी निवडणुकीत आश्वासन दिलं आणि 17 ऑक्टोबर 2018ला गांजाची विक्री कायदेशीर झाली. तिथे हिशेब सोपा आहे. अमिरातीत यातलं काही हाती लागत नाही. तिथल्या राज्यकर्त्यांना जोखायचं ते त्यांच्या सहीने निघालेल्या हुकमांवरून, त्यांनी दिलेल्या माफ्यांवरून आणि तुरुंगाच्या जोडीला त्यांनी दवाखाना उभा केला की नाही यावरून. या मापाने मोजलं तर अबुधाबीचे शेख आपल्या बोलक्या नेत्यांपेक्षा बरेच पुढे गेलेले दिसतात, असं माझं मत आहे. पुढे गेले म्हणजे उदार झाले, असं मात्र नव्हे.

आधी तिथे कायदा होतो कसा, ते पाहिलं पाहिजे. सात अमिरातींच्या शासकांची सर्वोच्च परिषद सगळ्यांच्या वर. राष्ट्राध्यक्ष तिच्यातूनच निवडला जातो आणि तो आजवर अबुधाबीचाच राहिला आहे. फेडरल नॅशनल कौन्सिल नावाची 40 जणांची सभा आहे. अबुधाबी आणि दुबईचे आठ-आठ, शारजा आणि रास अल खैमाचे सहा-सहा, उरलेल्या तिघांचे चार-चार. 2006पासून निम्म्या जागांसाठी निवडणूक होते, पण मतदार ठरवलेल्या यादीतलेच. ही सभा विधेयकावर चर्चा करते, दुरुस्त्या सुचवते. तिने नकार दिला तरी सर्वोच्च परिषदेच्या मान्यतेने राष्ट्राध्यक्ष कायदा करू शकतात आणि सभेचं अधिवेशन नसताना नुसत्या हुकमानेही तो काढता येतो. अशा ठिकाणी ‘अमुक आमदाराची भूमिका’ शोधण्यात अर्थ नसतो. सही कुणाची, एवढंच बघायचं.

1986च्या पहिल्या संघीय कायद्याच्या जागी 1995 साली चौदावा कायदा आला, तेव्हा सही होती शेख झायेद यांची. संस्थापक, 1971पासून नोव्हेंबर 2004मध्ये मृत्यू होईपर्यंत राष्ट्राध्यक्ष. त्यांचा हा कायदा कडक होता. सेवनाला किमान चार वर्षं कैद, परदेशी माणसाची शिक्षा भोगून झाली की हद्दपारी ठरलेली आणि व्यापार करणाऱ्याला फाशीपर्यंत शिक्षा. त्याच कायद्यात एक मऊ कलमही होतं. व्यसनी माणूस आपण होऊन उपचारासाठी आला तर त्याच्यावर खटला भरायचा नाही. या कलमाला जागा मिळाली ती 2002 साली, शेख झायेद यांच्याच आदेशाने अबुधाबीत राष्ट्रीय पुनर्वसन केंद्र निघालं तेव्हा. चार वर्षांची कैद आणि व्यसनमुक्तीचं केंद्र, दोन्ही एकाच माणसाच्या खात्यावर आहेत. त्यांना नुसतं ‘कठोर’ म्हणून मोकळं होता येत नाही.

1995चा कायदा जगाच्या डोळ्यांत भरला तो दुबईचा विमानतळ मोठा झाल्यावर. विमान बदलण्यापुरते उतरलेले लोकही त्याच्या जाळ्यात येऊ लागले. 2007 साली एका ब्रिटिश प्रवाशाच्या बुटाच्या तळव्याला चिकटलेला गांजा सापडला. वजन 0.003 ग्रॅम. साखरेचा एक दाणा याहून जड असू शकतो. शिक्षा चार वर्षं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडचा एक नामांकित डीजे दोन ग्रॅमहून थोड्या जास्त गांजासह पकडला गेला. त्यालाही चार वर्षं. लंडनच्या विमानतळावर खाल्लेल्या पावावरच्या खसखशीचे दाणे कपड्यांवर सापडले म्हणून एका स्विस माणसालाही चार वर्षांची शिक्षा झाल्याचं वृत्त तेव्हाच्या ब्रिटिश वृत्तपत्रांनी छापलं होतं. न्यायाधीश क्रूर होते म्हणून हे घडत होतं असं नाही. किमान शिक्षा कायद्यानेच बांधून दिल्यावर 0.003 ग्रॅम आणि 300 ग्रॅम यांत फरक करायला न्यायाधीशाच्या हाती काही उरत नाही.

हा फरक मग वरून केला जायचा, माफीच्या रूपाने. बुटाच्या तळव्यावर गांजा असलेला प्रवासी 2008च्या सुरुवातीला माफी मिळून घरी गेला. डीजे त्याच वर्षी रमजानमध्ये सुटला. रमजान, ईद, 2 डिसेंबरचा राष्ट्रीय दिन अशा मुहूर्तांवर कैद्यांना माफी देण्याची तिथे प्रथाच आहे. हुकूम सुटला की माणूस मोकळा. या व्यवस्थेचा सगळ्यात बोलका नमुना 2006चा. एका अमेरिकन संगीत निर्मात्याला दुबईत कोकेन बाळगल्याबद्दल चार वर्षांची शिक्षा झाली आणि काही तासांतच दुबईचे शासक शेख मोहम्मद बिन राशिद यांची माफी आली. मध्ये रदबदली कुणी केली? युटा राज्याचे रिपब्लिकन सिनेटर ऑरिन हॅच यांनी, आणि त्यांच्या कार्यालयाने ते उघडपणे मान्यही केलं. हॅच हे कर्मठ मॉर्मन, नशेचे कट्टर विरोधक. त्याच हॅच यांनी 2017मध्ये वैद्यकीय गांजावरचं संशोधन सोपं करणारं विधेयक सिनेटमध्ये मांडलं. राजकारण्याची कारकीर्द सरळ रेषेत क्वचितच चालते.

माफीची प्रथा दयाळू वाटते आणि वैयक्तिक पातळीवर ती तशी असतेही. पण तिने एक मोठी विषमता पोसली. ज्याच्या देशातली वृत्तपत्रं ओरडतात, ज्याचा सिनेटर फोन उचलतो, त्याचं नाव यादीत लवकर जाण्याची शक्यता जास्त. बांधकामाच्या छावणीतल्या मजुराचा फोन कोण उचलणार? कायद्यातली किमान शिक्षा खाली आणणं हे माफीपेक्षा कितीतरी न्याय्य, कारण त्याचा फायदा ओळखीपाळखीवर अवलंबून राहत नाही. म्हणून 2016 आणि 2021 या दोन सह्या मला मागच्या सगळ्या माफ्यांपेक्षा महत्त्वाच्या वाटतात.

या सह्या झायेद यांच्यानंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या शेख खलिफा बिन झायेद यांच्या. पण श्रेयाचा हिशेब इथे थोडा गुंततो. जानेवारी 2014मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यानंतर ते सार्वजनिक कार्यक्रमांत फारसे दिसले नाहीत. कारभाराची सूत्रं अबुधाबीचे युवराज, त्यांचे सावत्र बंधू शेख मोहम्मद बिन झायेद यांच्या हाती होती. मे 2022मध्ये खलिफा यांच्या मृत्यूनंतर तेच राष्ट्राध्यक्ष झाले. गृहखातं 2004पासून आणखी एक बंधू शेख सैफ बिन झायेद यांच्याकडे आहे; 2009पासून ते उपपंतप्रधानही आहेत. म्हणजे पकडणारं खातं, हुकूम काढणारी सही आणि प्रत्यक्ष सत्ता, सगळं एका घरात. धोरण कडक होतं तेही याच घराचं, आणि सैल झालं तेही. कुणा एकाचं नाव घेऊन ‘हे त्यांनी केलं’ म्हणता येत नाही, आणि विरोधी पक्षाच्या दबावाने केलं असंही म्हणता येत नाही, कारण पक्षच नाहीत.

2012 साली काय झालं ते आठवलं की सैल होण्याची गरज लक्षात येते. अबुधाबीत एका ब्रिटिश आणि एका सीरियन तरुणाला साध्या वेशातल्या पोलिसाला 20 ग्रॅम गांजा विकल्याबद्दल खालच्या न्यायालयाने फाशी सुनावली. व्यवहार 1,500 दिरहमचा होता. काही महिन्यांत अपिलात फाशी गेली, चार वर्षांची कैद राहिली. तरी वीस ग्रॅमसाठी फासाची वाट दाखवणारा कायदा पुस्तकात होताच. 2016च्या दुरुस्तीने सेवनाची किमान शिक्षा निम्म्यावर आणली. घरच्यांनी व्यसनी मुलाला उपचारासाठी आणलं तर गुन्हा नोंदवायचा नाही, हा आधार नातेवाइकांपर्यंत वाढवला. स्वतःच्या नागरिकांच्या पोरांना, लेकींना वाचवणं हा या दुरुस्तीमागचा मुख्य विचार असावा. श्रीमंत देशांत व्यसन आधी घरातल्या पोरांना धरतं.

2021च्या तिसाव्या कायद्याचं गणित मात्र निराळं आहे, आणि ते परक्यांना ध्यानात ठेवून मांडलेलं दिसतं. पहिल्या वेळी किमान तीन महिने कैद किंवा 20,000 ते 1,00,000 दिरहम दंड. आपल्या पैशांत वीस हजार दिरहम म्हणजे काही लाख रुपये. दुसऱ्या वेळी किमान सहा महिने किंवा 30,000पासून पुढे दंड. तिसऱ्या वेळी किमान दोन वर्षं आणि वर किमान एक लाख दिरहम. कैदेऐवजी पुनर्वसन केंद्रात ठेवण्याचा पर्याय न्यायालयाला आहे. सेवनाच्या खटल्यात परदेशी माणसाला हद्दपार करणं या कायद्याने सक्तीचं ठेवलं नाही, न्यायालयाच्या मर्जीवर सोडलं. व्यापाराच्या गुन्ह्यात ही सवलत नव्हती.

या कायद्याचं 96वं कलम तर एकदम वेगळंच. टीएचसी, म्हणजे गांजातला झिंग आणणारा घटक, असलेलं खाद्यपदार्थ, पेय किंवा अन्य उत्पादन देशात येताना कुणाजवळ पहिल्यांदा सापडलं तर फौजदारी गुन्हा धरायचा नाही. माल जप्त करून नष्ट करायचा. कॅलिफोर्नियातून चॉकलेट किंवा ॲमस्टरडॅमहून केक घेऊन आलेला पर्यटक डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेलं हे कलम आहे, यात मला शंका नाही. त्याच सुमाराचे इतर निर्णय बघा. नोव्हेंबर 2020मध्ये दारू आणि लग्नाशिवाय एकत्र राहणं यांवरचे फौजदारी नियम सैल झाले. ऑक्टोबर 2021मध्ये दुबईचं एक्स्पो सुरू झालं. 1 जानेवारी 2022पासून सरकारी सुट्टी शुक्रवार-शनिवारऐवजी शनिवार-रविवारी आली. परदेशी भांडवल आणि परदेशी डोकी टिकवायची असतील तर घडीभराच्या चुकीसाठी माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होणं परवडत नाही, हा साधा व्यापारी हिशेब. नैतिक उत्क्रांती वगैरे मला त्यात दिसत नाही, आणि ती नसल्याने कायद्याचं मोल कमीही होत नाही.

एका कलमाकडे मात्र भारतीयांनी बारकाईने पाहिलं पाहिजे. दोषी ठरलेल्याला शिक्षेनंतर दोन वर्षं, मध्यवर्ती बँकेच्या परवानगीशिवाय, कुणाला पैसे पाठवता किंवा दुसऱ्याच्या खात्यात भरता येत नाहीत. नशेचा माल विकत घेण्यासाठी पैसे पाठवणं हाही स्वतंत्र गुन्हा केला गेला. मालाचा पैसा तोडायचा हा उद्देश उघड आहे. पण गावी दरमहा पैसे पाठवणाऱ्या प्लंबरसाठी ही शिक्षा तीन महिन्यांच्या कैदेपेक्षा जड. हद्दपारी टळली, नोकरीही टिकली, तरी घरी रक्कम जाणार नाही. एखाद्या ब्रिटिश बँकरला ही गैरसोय वाटेल. आपल्याकडच्या घरात शाळेची फी थांबेल.

आता आपल्याकडे वळू. 2021चा तोच हिवाळा. मुंबईच्या क्रूझवरचा छापा 2 ऑक्टोबरचा. सिनेनटाच्या मुलाला अटक झाली, त्याच्याजवळ काही सापडलं नव्हतं हे पुढे आरोपपत्राच्या वेळी स्पष्ट झालं, पण तोवर महिनाभर राज्यात दुसरा विषय नव्हता. सामाजिक न्याय राज्यमंत्री रामदास आठवले यांनी तेव्हा मुलाला व्यसनमुक्ती केंद्रात पाठवा, तुरुंगात नको, असा सल्ला दिला. आठवले बोलले की लोक हसायला तयार असतात, पण या वेळी ते आपल्या खात्याच्या भूमिकेला धरूनच बोलत होते. त्यांच्याच मंत्रालयाने अल्प प्रमाणात, स्वतःपुरता माल बाळगणाऱ्यांना गुन्हेगार न धरता सरकारी केंद्रात उपचार द्यावेत अशी शिफारस केल्याच्या बातम्या त्याच महिन्यात आल्या. राज्याचे तेव्हाचे मंत्री नवाब मलिक रोज पत्रकार परिषदा घेत होते. त्यांच्या जावयावरचा खटला आणि जप्त मालापैकी बहुतेक गांजा नसल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल हा त्यांचा मुख्य दारूगोळा. पण त्यांचा रोख तपास यंत्रणेवर होता, कायद्यावर नव्हे.

आणि संसदेच्या डिसेंबरच्या अधिवेशनात एनडीपीएस, म्हणजे आपल्या अंमली पदार्थांच्या कायद्याचं दुरुस्ती विधेयक आलंही. मंजूरही झालं. त्यात काय होतं? 2014च्या दुरुस्तीत कलमांचे क्रमांक बदलले होते आणि 27-अ कलमातला संदर्भ जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिला होता. सात वर्षांनी ती लेखनिकाची चूक सुधारली. अबुधाबीत शिक्षेचा किमान आकडा दोन वर्षांवरून तीन महिन्यांवर येत होता त्याच आठवड्यांत दिल्लीत उपकलमाचा नंबर बदलत होता.

आपल्या राजकारण्यांनी गांजावर बोलण्यात कसूर केलेली नाही. ओडिशाचे बिजू जनता दलाचे खासदार तथागत सत्पथी यांनी 2015मध्ये आपण गांजा ओढलेला आहे हे उघडपणे सांगून बंदीला विरोध केला. पतियाळाचे डॉ. धरमवीर गांधी यांनी 2016मध्ये अफू आणि गांजासारख्या पारंपरिक नशांना नियंत्रित वाट द्या, म्हणजे पंजाबातली हेरॉइनची लाट उतरेल, असं खासगी विधेयक आणलं. 2017मध्ये मंत्रिगटाच्या बैठकीत मनेका गांधी यांनी औषधी गांजाला परवानगी देण्याची सूचना केली. डिसेंबर 2020मध्ये व्हिएन्नाला संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढण्याचा ठराव 27 विरुद्ध 25 मतांनी मंजूर झाला, तेव्हा भारताचं मत बाजूने होतं. एका मताने पारडं फिरू शकलं असतं, म्हणजे हे मत फुकटचं नव्हतं. घरी मात्र त्याचा पडसाद उमटला नाही.

त्याच महिन्यात पणजीत गंमत झाली. गोव्याच्या कायदा खात्याने औषधी उपयोगासाठी गांजाच्या मर्यादित लागवडीची फाइल तपासून पुढे पाठवली, आणि कायदामंत्री नीलेश काब्राल यांनी ते माध्यमांना सांगितलं. काँग्रेस आणि गोवा फॉरवर्ड तुटून पडले. किनाऱ्यावरच्या नशेच्या बाजाराला आता सरकारी शिक्का मिळणार, हा आरोप. मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी सरकारने असं काही मान्य केलेलं नाही म्हणत विषय बाजूला सारला. प्रस्ताव जम्मूच्या एका केंद्रीय संशोधन संस्थेचा, त्याचा हणजुणच्या पार्ट्यांशी संबंध नव्हता. पण गोव्यात गांजा हा शब्द फाइलवर दिसला की फाइल जळते. महाराष्ट्रात तर हवा उलटी वाहते आहे. नाशिक-पुण्यातल्या मेफेड्रोन प्रकरणांनंतर देवेंद्र फडणवीस यांनी कडकपणाचं धोरण धरलं आणि 2025च्या पावसाळी अधिवेशनात अंमली पदार्थांचे गुन्हे संघटित गुन्हेगारीसाठीच्या मकोकाच्या कक्षेत आणले. मेफेड्रोनच्या टोळ्यांसाठी ते समजू शकतं. पण आपल्याकडे कायद्याचं जाळं एकदा टाकलं की त्यात मासळी कुठली येईल याचा भरवसा नसतो.

तरीही एक मान्य करायला हवं. पुस्तकातला आपला कायदा अमिरातीच्या 1995च्या कायद्याइतका निर्दय कधीच नव्हता. 1985च्या एनडीपीएस कायद्याने झाडाची पानं आणि बिया, शेंडे सोबत नसतील तर, गांजाच्या व्याख्येबाहेर ठेवल्या. म्हणून भांग राज्यांच्या अखत्यारीत राहिली; महाराष्ट्रात तिच्यावर 1949च्या दारूबंदी कायद्याचा अंमल. गांजा एक किलोपर्यंत ‘अल्प प्रमाण’, त्याला एक वर्षापर्यंत कैद. वीस किलोपासून व्यापारी प्रमाण, तिथून किमान दहा वर्षं. नुसत्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत. आणि इतक्या सगळ्याच्या मागे 1893-94चा हेम्प ड्रग्ज कमिशनचा अहवाल उभा आहे. ब्रिटिश पार्लमेंटमधल्या दारूबंदीवाल्यांच्या रेट्याने तो आयोग नेमला गेला, त्याने सुमारे 1,200 साक्षी नोंदवल्या, सात खंड लिहिले, आणि बेताच्या सेवनाने नुकसान होत नाही, सरसकट बंदी नको, कर लावा, असं सांगून ज्यांनी तो मागितला होता त्यांनाच निराश केलं. सव्वाशे वर्षांपूर्वी एवढं लिहून ठेवलेल्या देशात आज मंत्र्याने फाइलवर शेरा मारायला घाबरावं, हे विचित्रच.

अरब जगात अमिराती या बाबतीत पुढे नाहीत, हेही नोंदवून ठेवतो. लेबनॉनने एप्रिल 2020मध्ये औषधी लागवड कायदेशीर केली. मोरोक्कोने 2021मध्ये औषधी आणि औद्योगिक लागवडीचा कायदा केला, आणि ऑगस्ट 2024मध्ये तिथल्या राजाने गांजाच्या गुन्ह्यांत अडकलेल्या चार हजारांहून अधिक शेतकऱ्यांना माफी दिली. तिथे निदान राजकीय किंमत मोजणारा माणूस दिसतो. माजी पंतप्रधान अब्देलिलाह बेनकिरान यांनी या विधेयकाच्या निषेधात स्वतःच्याच पक्षातलं सदस्यत्व गोठवलं. रिफच्या डोंगरात पिढ्यान्‌पिढ्या हेच पीक घेणारा शेतकरी आहे, त्यामुळे तिथे गांजा हा पोटाचा प्रश्न होतो. वाळवंटातल्या आयात करणाऱ्या देशात तो कायम कस्टम्सचाच प्रश्न राहणार.

आणि कस्टम्सच्या त्या काउंटरवरून अमिरातीत राहणारे पस्तीस लाखांहून जास्त भारतीय ये-जा करतात. मराठी घरातून निघालेली बॅग उघडून पाहा. दिवाळीचे अनारसे, एका अंगाला खसखस लावलेले. मे महिन्यात कांडपावरून दळून आणलेला मसाला. गोडा असो की कांदा-लसूण, अनेक घरांच्या मापात खसखस असतेच. खसखस अमिरातीत निषिद्ध आहे. नेहमीच तुरुंग होतो असं नाही, पण पिशवीतली खसखस तिथल्या यादीत अफूच्या झाडाची असते, अनारशाची नसते. आईच्या खोकल्याचं कोडीनयुक्त सिरप, बाबांच्या पाठीसाठी ट्रामाडॉलच्या गोळ्या: या दोन्हींसाठी प्रवासाआधी तिथल्या सरकारची ऑनलाइन परवानगी काढावी लागते, नुसती डॉक्टरांची चिठ्ठी पुरत नाही. आणि अलीकडची नवी भानगड म्हणजे विजया तेल. पुण्या-मुंबईत आयुष परवान्याखाली, आयुर्वेदिक चिठ्ठीवर, झोपेसाठी आणि सांधेदुखीसाठी हे गांजाच्या पानांपासून केलेलं औषध उघड मिळतं. बाटलीवर परवाना क्रमांक, उत्पादकाचा पत्ता, सगळं रीतसर. दुबईत त्या परवान्याला कागदाची किंमत. 96वं कलम पहिल्या वेळी वाचवेल अशी आशा धरता येते, पण ते कलम देशात शिरताना सापडलेल्या मालापुरतं आहे. आठ दिवसांनी गाडीत सापडलेल्या बाटलीला ते लागू होत नाही. 2021च्या जानेवारीत एका ब्रिटिश फुटबॉल प्रशिक्षकाच्या गाडीत गांजाच्या झाडापासून काढलेल्या सीबीडी तेलाच्या चार बाटल्या सापडल्या. मित्र विसरून गेला, असं त्याचं म्हणणं. न्यायालयाने व्यापार धरून 25 वर्षं दिली. अपिलात ती दहावर आली.

लघवीच्या तपासणीची गोष्ट तर आणखी बिकट. रक्तात किंवा लघवीत अंश सापडणं हे बाळगण्यासारखंच धरलं जातं, आणि नेहमी ओढणाऱ्याच्या शरीरात गांजाचे अंश काही आठवडे राहतात. 2021 सालीच एक अमेरिकन पोटाच्या दुखण्याने दुबईच्या रुग्णालयात दाखल झाला, तपासणीत गांजा निघाला, अटक झाली. त्याने तो लास वेगासला कायदेशीररीत्या ओढला होता. थायलंडने जून 2022मध्ये गांजा यादीतून काढल्यापासून 2025मध्ये पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता आवळेपर्यंतच्या काळात बँकॉकला सुट्टी घालवून थेट दुबईच्या कामावर परतणाऱ्या तरुणांसाठी हा धडा होता. ओढणं जिथे झालं तिथला कायदा शरीराबरोबर येत नाही.

आणि जे ओढतच नाहीत त्यांचं काय? जुलै 2019मध्ये मुंबईचं एक नवविवाहित जोडपं कतारला पोचलं. सहलीचा खर्च नात्यातल्या बाईने केला होता आणि एक पाकीट पोचवायला दिलं होतं, जर्दा म्हणून. निघालं 4.1 किलो चरस. दोघांना दहा-दहा वर्षं. भारताच्या अंमली पदार्थ नियंत्रण ब्युरोने इथे बाईपर्यंत माग काढला, पुरावे कतारला गेले, आणि 2021मध्ये दोघं निर्दोष सुटून घरी आले, तुरुंगात जन्मलेल्या लेकीला घेऊन.

अमिरातीतलं प्रकरण याहून विचित्र. 1 एप्रिल 2023ला मुंबईची एक अभिनेत्री वेब सिरीजच्या ऑडिशनसाठी शारजाला गेली. संयोजकांनी सोबत न्यायला एक ट्रॉफी दिली होती. ट्रॉफीत गांजा होता. ऑडिशन कुठेच नव्हतं. मुंबईच्या गुन्हे शाखेने तपास केला तेव्हा निघालं ते असं: टाळेबंदीत कुत्र्यावरून तिच्या आईशी झालेल्या भांडणाचा सूड म्हणून एका बेकरी मालकाने हा बेत रचला होता, आणि त्याला साथ होती सिंधुदुर्गातल्या एका बँक अधिकाऱ्याची. याच पद्धतीने आणखीही काही जणांना अडकवल्याचं पोलिसांनी सांगितलं. शारजा ही अमिरातींतली सगळ्यात सोवळी. 1985पासून तिथे दारूही नाही. पंचवीस-सव्वीस दिवसांनी ती तुरुंगातून बाहेर आली आणि ऑगस्टमध्ये घरी पोचली.

तिची सुटका 2021च्या कायद्यातल्या एकाही सौम्य कलमाने झाली नाही. ती सगळी कलमं ओढणाऱ्यासाठी आहेत; दुसऱ्याचं ओझं वाहणाऱ्यासाठी, मग ते जाणूनबुजून असो की नकळत, व्यापाराचंच कलम आजही उघडं आहे. मुंबईत पोलिसांनी वेळेत दोघांना पकडलं, जबाब घेतले, कागद वकिलातीकडे गेले, म्हणून ती परतली. ज्यांच्या प्रकरणात इथे कुणी चौकशीच केली नाही त्यांच्यासाठी अबुधाबीने किमान शिक्षा कितीही खाली आणली तरी तो आकडा दुसऱ्याच रकान्यातला.